ताईचं रडणारं झाड

सकाळी सातलाच ताईच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारणी, त्यांच्या सासवा, लिफ्टवाला, सगळे एका कुंडीपुढे हात जोडून उभे. कुंडीत अळूच्या जातीचं शोभेचं झाड, आणि पानांच्या टोकांवरून टपटप पाणी गळतंय.

"रडतंय बघा," झाडांनी रोग बरे करतो म्हणणारे पानगुरू म्हणाले. "हिच्या रक्तातली साखर ओढून घेतंय. रोज संध्याकाळी दोन तांबे पाणी घाला, वरून प्लास्टिकची पिशवी झाका. आणि सुई बंद. सुईनं झाड रुसतं."

"आणि खत घातलं की हसतं का?" मी विचारलं.

"गप रे," ताई म्हणाली. इन्सुलिन सोडून तिला आठवडा झाला होता. अंगठ्याला फोड आला होता, त्यावरही ती तेच पाणी लावायची.

माझं सलून आहे. लोकांची डोकी रोज माझ्या हातात असतात, आत काय भरलंय ते मला बरोबर कळतं. तसलंच झाड नर्सरीतून आणून सलूनमध्ये ठेवलं. दोन तांबे, पिशवी. सकाळी तेही रडत होतं. तेव्हाच पळत ताईकडे जायला हवं होतं. पण मला तमाशा हवा होता, भरल्या गर्दीत. गुरू पुन्हा येणार रविवारी, म्हणजे चार दिवसांनी. मी थांबलो.

रविवारी माझी कुंडी गुरूपुढे ठेवली. "महाराज, हे माझ्या कैचीची साखर ओढतंय. औषध सुचवा."

लोक खुसखुसले.

"आणि ताईच्या झाडाला काल दाजींनी माझ्या सांगण्यावरून पाणीच घातलं नाही, पिशवीही नाही. आज पानं कोरडी. एका रात्रीत ताई बरी झाली का?" मग नर्सरीवालीनं सांगितलेलं सांगितलं. मुळं रात्रभर पाणी वर ढकलतात. पिशवीतल्या दमट हवेत ते उडून जात नाही, म्हणून पानाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून थेंब होऊन बाहेर पडतं. बास, एवढंच.

गुरू चपला हातात घेऊन जिना उतरला. सगळे हसले. मी वाकून सलामही ठोकला.

ताई हसली नाही. तिनं पायावरची चादर बाजूला केली. "वास येतोय का रे?"

अंगठा काळा पडला होता.

डॉक्टरांनी पाय घोट्यापासून काढला. "चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर," एवढंच बोलून ते गेले.

शुद्धीवर आल्यावर ताईनं विचारलं, "तुला कधी कळलं होतं?"

मी खरं सांगितलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

म्हणून सांगतो. माती सुकली की झाडाला पाणी घाला, आजारी माणसाला औषध द्या. औषध बंद कर म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि लबाडी कळली की त्याच मिनिटाला बोला, ऐकायला एकच माणूस असला तरी.