मधला रकाना

मी एक जुनी वही आहे. माझी शिवण उसवली आहे, पुठ्ठ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा डाग आहे आणि फार बोलायचं त्राण आता उरलेलं नाही. तरी, मित्रांनो, थोडं ऐका.

छापखान्यात उरलेल्या कागदांतून मला बांधलं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी गिऱ्हाइकांची मापं लिहायला मला विकत घेतलं. त्यांच्या भावजयीने मला मागून घेतलं. भावजय लेखिका. बांधलेली नोकरी नाही, जिथून काम येईल तिथे लिहून द्यायची. तिने माझ्या पानांवर तीन रकाने आखले: काम कुठलं, दर काय, पैसे कधी.

पहिला रकाना भराभर भरला. मधला वर्षभर कोराच राहिला. दर विचारायला तिची जीभच रेटत नसे. "तुम्ही द्याल ते," ती म्हणायची, आणि लोक खुशाल तेच करायचे. एका साप्ताहिकाच्या संपादकांनी तर तिची इतकी स्तुती केली की पैशांचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

पुढे ठेचा खाऊन ती शहाणी झाली. चार लिहिणाऱ्यांना विचारलं. कोण शब्दावर पैसे देतं, कोण लेखावर आणि कोण नुसते आशीर्वाद, सगळं माझ्या मधल्या रकान्यात टिपलं. पण मूळ स्वभाव जातो कुठे! शब्दावर पैसे मिळणारा लेखही ती घासूनपुसून निम्मा करायची. नणंद कपाळाला हात लावायची.

"अगं, उसवून पुन्हा शिवायचे आम्ही जास्त घेतो. तू उसवून कमी घेतेस!"

दोघी हसायच्या. दोघींच्या घराचं भाडं मात्र नणंदेच्या शिलाईतूनच निघायचं, आणि ते लेखिकेला आत कुठेतरी खात होतं.

मग त्याच साप्ताहिकाने तिला दर आठवड्याचं सदर देऊ केलं. त्याच सुमारास एका गोदामात कारकुनी सांगून आली. सदराचे नीट पैसे मिळाले तर लिहिणं टिकणार होतं, नाहीतर सोमवारपासून गोदाम. तिने मला मांडीवर उघडलं आणि माझ्यात बघून फोनवर आकडा सांगितला. अगदी स्पष्ट सांगितला.

पलीकडे शांतता.

थांब बाई, थोडी थांब, मी मनात म्हणत होते. तिला ती शांतता सोसली नाही.

"म्हणजे... निम्मे दिलेत तरी चालेल."

संपादक लगेच हो म्हणाले. निम्म्यात घर चालणार नव्हतं. सदर सोडून सोमवारी ती गोदामात गेली, आणि मी मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली.

तिथे पाच वर्षं गेली. पायाखालच्या वहीला कोण विचारतो?

एके संध्याकाळी वरच्या मजल्यावरची तरुण शिक्षिका कपडे शिवायला टाकायला आली. ती नुकतीच लिहू लागली होती. "तुमच्या भावजय लिहायच्या ना, त्या साप्ताहिकाला माझं सदर हवंय," ती आनंदाने म्हणाली. "फोन करतेय त्यांना. म्हणणार, द्याल ते द्या."

गोदामातून आलेली लेखिका दारातच होती. चपला न काढता ती आत आली, वाकली आणि तिने मला ओढून काढलं. मशीन कलंडलं, नणंदेने ते दोन्ही हातांनी धरलं.

"मधला रकाना वाच. आकडे जुने आहेत, वाढवून सांग. आणि सांगितल्यावर गप्प बस. मी तिथेच बोलले होते."

शिक्षिकेने फोन लावून आकडा सांगितला. पलीकडे तीच शांतता. पोरीचे ओठ हलले, तशी लेखिकेने तिच्या तोंडावर हात ठेवला. नणंद मशीन धरून तशीच उभी होती.

"बरं," आवाज आला, "देऊ तेवढे."

लेखिकेने तो दर माझ्यात लिहिला. मग मला शिक्षिकेच्या हातात देऊन ती चपला काढायला दाराशी गेली. सकाळी पुन्हा गोदाम होतंच.

मित्रांनो, मी थकले आहे. पण मला कपाटात जपू नका. ज्याच्या तोंडी 'द्याल ते' येतं, त्याच्या हातात मला द्या, आणि तो आकडा सांगेल तेव्हा क्षणभर त्याच्याजवळ थांबा.