खिळ्याला टांगलेली तेलाची पळी

मी एक जुनी पळी आहे. तेलाच्या बरणीत बुडून राहायचे, हेच माझे आयुष्य. मित्रांनो, सदा तेलात राहणाऱ्याला फारसे काही जाणवत नाही. तेव्हा मी रडूनभेकून सांगेन, अशी अपेक्षा ठेवू नका.

एका यंत्राने स्टीलच्या पत्र्याला दणका देऊन मला घडवले. वाटी खोलगट, दांडा लांब, टोकाला आकडा. ताईने नव्या संसारासाठी मला बाजारातून निवडून आणले. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणते. ती शाळेचे गणवेश शिवायची, नवरा घरांना रंग द्यायचा. हात दोघांचाही सढळ. भाजीला दोन पळ्या तेल पडे आणि वर तवंग आला की ताई समाधानाने झाकण ठेवी. धाकटा जेवायला आला की म्हणायचा, "ताईच्या हाताला चव आहे." चवीतला थोडा वाटा माझाही होता, पण आम्हाला कोण विचारतो?

मग धाकट्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. ताईची किडनी त्याला जुळत होती. पण ताई चांगलीच जाड. "आधी वजन उतरवा, मगच शस्त्रक्रियेचं बघू," असे डॉक्टरांनी सांगितले, ते तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितले. चप्पलही न काढता तिने मला बरणीतून उचलले आणि गरम पाण्याने घासले.

"हीच मेली सगळ्याच्या मुळाशी," ती म्हणाली आणि मला खिळ्याला टांगले. मला वाईट वाटले का? आठवत नाही. कोरडे वाटले.

वरून सगळे दिसायचे. भाज्या नुसत्या पाण्यात शिजू लागल्या. चव नाही, म्हणून ताईचे मन भरेना. नवरा मायेने वाढायचा. "अजून भात घे गं, तेलाचा थेंब नाही त्याच्यात." थेंब नाही म्हणून उकडलेले बटाटे दुप्पट, थेंब नाही म्हणून साखरेचे सरबत पेल्यावर पेले, 'फॅट-फ्री' लिहिलेल्या बिस्किटांचा पुडा बसल्या बैठकीला फस्त. ताई स्वतःला उपाशी समजत होती आणि काटा जागचा हलत नव्हता. "माझं शरीरच वाईट, दुसरं काय," असे म्हणून ती डोळे पुसायची. धाकटा डायलिसिस करून यायचा, तो दर खेपेला जास्त वाळलेला दिसायचा.

शेवटी ताई आणि नवरा आहारतज्ज्ञ बाईंकडे निघाले. ताईने मला पिशवीत घातले, पुरावा म्हणून. तिथे टेबलावर ठेवून ती म्हणाली, "हात लावून बघा. कोरडी ठणठणीत आहे. तरी वजन उतरत नाही."

बाईंनी खरेच बोट फिरवून पाहिले. मग विचारले, "भात किती वेळा घेता?"

ताई नवऱ्याकडे पाहू लागली. नवरा माझ्याकडे.

"तेलात कॅलरी खूप. ते कमी केलंत, हे बरोबर," बाई म्हणाल्या. "पण तिथे वाचवलेल्या कॅलरी भातातून, साखरेतून परत आल्या. शरीर सगळ्याची बेरीज करतं. उद्यापासून चमचाभर तेल घाला, जेवल्यासारखं वाटेल. आणि भात एकदाच."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावे, तर मी काही संन्यासीण नव्हते. पण चोरही मी एकटी नव्हते.

मी पुन्हा बरणीत आले. ताई मला अर्धीच भरू लागली. हळूहळू काटा खाली येत गेला. डॉक्टरांनी होकार दिला, शस्त्रक्रियेची तारीख ठरली. तारीख यायच्या आधीच धाकट्याच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि तो गेला. मी खिळ्यावर होते, ते महिने त्याला हवे होते.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. एवढेच मागते, की वजन उतरवायचे असेल तर एकाच गोष्टीला टांगून मोकळे होऊ नका. सगळे ताट बघा. कळत नसेल तर जाणत्याला विचारा आणि लवकर विचारा.

ताई अजूनही मला अर्धीच भरते. काल नवऱ्याने भाताचा डाव पुढे केला. "घे थोडा," तो म्हणाला.

"नको," ताई जुन्या सवयीने म्हणाली, "डॉक्टर रागावतील."

मग दोघेही खाली बघून जेवत राहिले.