ठमकीचं वय

ठमकी म्हातारपणाच्या उंबरठ्यावरून उलटी फिरली, असंच आत्याला वाटत होतं. चौदा वर्षांची मांजर, पण पडद्याला लोंबकळायची, शिलाई मशीनच्या चाकावर झडप घालायची, बशी लख्ख चाटून पुन्हा बशीपाशीच उभी. खिडकीतून आलेल्या उन्हात धाग्यांची पिसं तरंगत असायची, त्यांतून ती पोहत गेल्यासारखी निघून जायची. शिवता शिवता आत्याचे हात थांबायचे, ओठ गुणगुणायचे:

पायांत हिच्या वारा, डोळ्यांत हिच्या दिवा,
कुणी गं दिला हिला, जन्म हा नवा नवा.

"आत्या, रोडावलीय हो ती," भाचेसून म्हणायची.

"तरणी माणसं सडपातळच असतात. ती काही तुझ्यासारखी सुस्तावली नाही."

"मी सुस्तावले, मग ही भाजी काय ठमकी चिरतेय?"

ठमकीच्या गळ्यातला पट्टा सैल पडला, तेव्हा आत्याने कापडाला नावं ठेवली. स्वस्तातला माल, ताणला गेला. टाके घालून तिने तो आवळला. पुन्हा सैल झाला, पुन्हा आवळला. उभा जन्म लोकांच्या अंगाची मापं घेण्यात गेला, पण मांजरीच्या मानेला टेप लावावी हे काही तिला सुचलं नाही.

मग एका दुपारी ठमकी पडद्यावरून उतरली आणि तोंड उघडून धापा टाकत बसली. छाती मशीनच्या सुईसारखी खालीवर होत होती.

आत्याने तिला टोपलीत घातलं आणि भाचेसुनेला घेऊन जनावरांचा दवाखाना गाठला. आत्या जिथे बटणं घ्यायची ते शेजारचं दुकानही आता दवाखान्याने घेतलं होतं. बाकावर केस झडलेला एक कुत्रा स्वेटर घालून पेंगत होता, आणि शेजारची बाई मांडीवरच्या बोक्याच्या साखरेचे आकडे सांगत होती.

डॉक्टरीणबाईंनी पट्ट्यावरचे टाके बोटाने चाचपले, मग ठमकीचा गळा, आणि आत्याचं बोटही तिथे टेकवलं. "ही वाटाण्याएवढी थायरॉइडची गाठ लागली का हाताला? ती अंगाला सारखी पळ, पळ म्हणते. पूर्वी असं मांजर आलं की आम्हीही म्हणायचो, वय झालं. आता तपासण्या आल्या, कानाला चोळायची मलमं आली. औषधवाले रोज नवं काहीतरी घेऊन दारात उभे, आणि माझा अर्धा दिवस हार्मोन्समध्येच जातो."

"औषध नाही दिलं तर?" आत्याने विचारलं.

"हृदय थकेल. धावता धावताच जाईल एक दिवस."

"आणि दिलं तर?"

"मग ती तिच्या वयाची होईल."

घरी आल्यावर मलमाची नळी आणि रबरी हातमोजे कात्रीशेजारी पडून राहिले. ठमकी कपाटावरून टेबलावर, टेबलावरून खिडकीत. आत्या बघत राहिली.

"हे दिवस तिला परत मिळालेत गं. मी कोण काढून घेणारी?"

भाचेसुनेने हातातलं काम ठेवलं. "आत्या, मजा तुम्हाला येते. धाप तिला लागते."

आत्याने खिडकीतल्या ठमकीला उचलून मांडीवर घेतलं. मग तिने हातमोजा चढवला, बोटावर मलमाचा ठिपका घेतला आणि ठमकीच्या कानाच्या आतल्या मऊ पाळीला हलकेच चोळला.

पुढचे आठवडे संथ पाण्यासारखे सरकले. ठमकीची हाडं हळूहळू मांसाखाली बुडाली. बशीत अन्न उरू लागलं. पडदा नुसत्या वाऱ्याने हलू लागला. एकदा आत्याने मुद्दाम दोऱ्याचं रीळ जमिनीवर सोडलं. ते गडगडत ठमकीच्या पंजापाशी थांबलं. ठमकीने त्याच्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

ठमकी आता टेबलावर येणार नव्हती, मांडीवर उडी मारणार नव्हती.

आत्याने मशीन झाकलं. एक हात खुर्चीला, एक भिंतीला, असं करत ती गुडघ्यांच्या कुरकुरीसकट जमिनीवर उतरली आणि उन्हाच्या त्या तुकड्यात मांजरीच्या पाठीला पाठ लावून आडवी झाली. फरशी कोमट होती. ठमकीची पाठ सावकाश फुगत होती, सावकाश उतरत होती. घाई कसलीच नव्हती.

भाचेसून दाराशी येऊन थबकली. "आत्या, पडलात की काय?"

"नाही गं," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "ती वर येत नाही, म्हणून मीच खाली आले. हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय तिचा."