राखणदाराची गोधडी

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात गंगापूर रोडच्या बंगल्यात फिनलंडचं जोडपं राहायला आलं, तेव्हा पहिला धक्का बसला तो वॉचमन झुंबरला. रोज सकाळी कंपनीची जीप यायची आणि तिच्यात बसून सिन्नरच्या कारखान्यावर जायची ती बाई. बुवा फाटकापर्यंत यायचा, हात हलवायचा आणि परत घरात.

"बाई मशिनी बसवती आन् बुवा घरात बसतो," झुंबर म्हणाला. "उलटं राज्य आलं, मावशे."

"तुझी बायको तीन घरची भांडी घासती आन् तू हितं खुर्ची घासतो. तुझं राज्य कुठं सुलटं हाय?" भिमाबाई म्हणाली आणि पिशवी सावरत आत गेली.

भिमाबाई सातपूरकडच्या वसाहतीत राहायची. बंगल्यात स्वयंपाक, झाडलोट. दुपारी घरी गेली की गोधड्या शिवायची, आल्यागेल्याच्या, शेजारणींच्या, बाळंतिणींच्या. तिची मुलगी अंजली महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. संध्याकाळी कधी आईला न्यायला आली तर साहेबांशी इंग्रजीत चार शब्द बोलायची. त्या चार शब्दांतूनच भिमाबाईला कळलं, भिंतीवरच्या फोटोतला तो जाळीदार मुखवट्याचा, पायांना उशा बांधलेला राक्षस म्हणजे आर्तोसाहेबच.

"बर्फावरची हॉकी असते, आई. पायात पात्यांचे बूट घालून खेळतात. चेंडू नसतो, रबराची काळी चकती असते. पुरीएवढी, पण दगडासारखी कडक. ती जाळ्यात जाऊ द्यायची नाही, हे साहेबांचं काम."

"म्हंजे दहा जणांनी दगड मारायचे आन् ह्यांनी उभं राहून खायचे?"

"खायचे नाहीत गं, अडवायचे."

"एकच की ते," भिमाबाई म्हणाली. "पगार मिळतो का त्याचा?"

"सतरा वर्षं मिळाला. आता क्लबनं सोडलंय."

भिमाबाईनं फोटोकडे पुन्हा पाहिलं. मग साहेबाच्या ताटात एक भाकरी जास्तीची वाढली.

आर्तो मराठी शिकला तो स्वयंपाकघरात. मीठ, पाणी, पुरे, अजून. मावशी हा शब्द त्याला फार आवडला. चाळिशीकडे झुकलेला हा सहा फुटी माणूस ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून लसूण सोलायचा. आणि एकदा, अंजली आलेली असताना, त्यानं लसूण सोलता सोलता आपली सगळी हकिगत सांगितली. अंजली वाक्यावाक्याला थांबून आईला मराठीत सांगत होती.

त्याच्या गावाला तळं होतं. हिवाळ्यात तळं गोठायचं आणि गावची पोरं त्यावर खेळायची. हा भावांमध्ये धाकटा. धाकट्याला कोण पळू देतं? दोन फळकुटं रोवली आणि याला मधे उभा केला. उभा राहिला तो राहिलाच. गावचा क्लब, मग जिल्ह्याचा, मग मोठ्या शहराचा. बसमधल्या रात्री, मोडलेली बोटं, कपाळावरचे टाके. पायांचे पॅड मात्र पहिल्यापासून तेच. चामड्याचे, आत हरणाचे केस भरलेले, घामानं काळे पडलेले.

मग एकोणनव्वद सालची अंतिम लढत. शेवटचं मिनिट. समोरून चकती आली. त्यानं डावा पाय टाकला आणि अडवली. अख्खं मैदान ओरडत उठलं. पण अडवलेली चकती पॅडवरून उसळली, परत गेली आणि समोरच्या संघातल्या दुसऱ्या एकाच्या काठीपुढं जाऊन पडली. त्यानं नुसती जाळ्यात ढकलली.

"त्यानंतर मी आठ वर्षं खेळलो," आर्तो म्हणाला. "पण आमच्या गावात पाव विकणारी म्हातारी अजून मला म्हणते, तोच ना तू, ज्याच्या पायावरून परत गेली?"

लसणाची टरफलं गोळा करून त्यानं मुठीत धरली. भिमाबाईनं मुलीला विचारलं, "अडवली होती ना ह्यानं?"

"अडवली होती."

"मग लोकं बोलत्यात कशाला?"

अंजलीनं ते इंग्रजीत विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये फोन आला. त्याच्या गावचा क्लब, तोच पहिला, छोटा, आता दुसऱ्या फळीत खेळणारा. त्यांच्या तरुण गोलरक्षकाचं मनगट मोडलं होतं. ते बरं होईपर्यंत उभा राहशील का? पहिली लढत ऑक्टोबरात. आर्तोनं फोन ठेवला आणि बंगल्याच्या हॉलमध्ये मोज्यांवर घसरत एक गिरकी घेतली. मार्या, त्याची बायको, दारात बूट काढत होती. ती हसली नाही.

"गुडघे?" तिनं विचारलं.

"आहेत अजून."

"कशासाठी, आर्तो?"

"लोकांच्या आठवणीत तो गोल शेवटचा असू नये म्हणून," तो म्हणाला. मार्यानं दुसरा बूट काढून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पॅडची पिशवी शोधली. पिशवी जागेवर नव्हती. तिला वास यायचा, सतरा वर्षांच्या घामाचा, म्हणून भिमाबाईनं उन्हाळ्यातच ती उचलून मागच्या खोलीत गव्हाच्या पोत्यांशेजारी ठेवली होती. चेन उघडली तर डाव्या पॅडचं पोट फाडलेलं. हरणाचे केस खोलीभर. आणि उरलेल्या केसांच्या ऊबदार खोबणीत उंदराची गुलाबी पिल्लं, डोळेही न उघडलेली.

भिमाबाईनं तोंडावर पदर घेतला. "म्या ठिवली हितं. म्याच."

आर्तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं पिल्लं सुपलीत घेतली आणि कुंपणाच्या मेंदीखाली नेऊन ठेवली. परत आला आणि फाटक्या पॅडवरून हात फिरवत राहिला, आजारी गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मार्या म्हणाली, "नवे मागवू. आता कापडी-रबरी मिळतात, हलके." तो म्हणाला, "त्यांच्यावरून चकती आणखी उसळते." एवढंच.

"मला द्या," भिमाबाई म्हणाली. "फाटलेलं नीट करणं एवढंच येतं मला. पन येतं."

तिनं दोन्ही पॅड डोक्यावर घेतले आणि शेअर रिक्षात बसली. बाजूचा माणूस नाक दाबून म्हणाला, "काय घिऊन चाललाय, मावशी, मेलेला रेडा?"

"जावयाच्या तंगड्या," भिमाबाई म्हणाली. रिक्षा सातपूरपर्यंत हसत गेली.

घरी तिनं चामडं उसवलं, कडुनिंबाच्या पाण्यानं पुसलं, वाळवलं. हरणाचे केस कुठून आणणार? तिनं पत्र्याची पेटी उघडली. आईचं नऊवारी लुगडं, निळं, भीमजयंतीला नेसायची ते. अंजलीचा शाळेतला फ्रॉक. वारलेल्या नवऱ्याची, मल्हारीची, कारखान्यातली खाकी पँट. एकावर एक थर अंथरले आणि सर्वांत विरलेलं, हात लावला तर फाटेल असं लुगडं मधोमध घातलं.

"फाटकं आत कशाला?" अंजलीनं विचारलं. "चांगलं घाल की."

"चांगलं वर, फाटकं मधी. विरलेलं कापाड मऊ असतं. त्याच्यावर काय बी पडू दे, ते घिऊन बसतं." मग सुईत दोरा ओवला, दोऱ्याला मेण लावलं आणि बसली. गोधडी शिवताना तिचा गळा आपोआप उघडायचा. आईच्या ओव्या होत्या, पण नेहमीच्या पुरायच्या नाहीत. मग ती नव्या जोडायची.

*उंबऱ्यात उभा बाई, कोन गं राखनदार*
*दगडधोंडं झेली, न्हाई हातात तलवार*

*तळं गोठलं गोठलं, पानी झालंया खडक*
*धाकट्याच्या वाट्याला गं, आली दाराची धडक*

शेवटचा कोपरा राहिला तेव्हा ती उठली आणि भाकरीचा वाळका तुकडा घेऊन आली.

"आई!" अंजली किंचाळली. "उंदरांनी एकदा खाल्लंय. आता निमंत्रण देतेस?"

"गोधडी उपाशी शिवू नी. माझी आई घालायची, तिची आई घालायची. उपाशी गोधडी मानसाची ऊब खाती." आणि तुकडा डाव्या गुडघ्याच्या जागी घालून तिनं टाका ओढला.

पॅड परत आले ते बघून झुंबर खुर्चीतून उठलाच. "साहेबाच्या पायाला गाद्या! आता बुवा उभ्या उभ्या झोपनार."

मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोन खांबांमध्ये आर्तो उभा राहिला. गुडघे किंचित वाकवले, खांदे पुढं आणले, आणि भिमाबाईला पहिल्यांदाच फोटोतला माणूस दिसला. लसूण सोलणारा हा नव्हे. हा दुसराच कोणी.

अंजलीनं टेनिसचा चेंडू हळूच टाकला.

"जोरात मार की गं," भिमाबाई म्हणाली. "पोरं गृहपाठ करत न्हाईत तवा मारतीस तशी."

"मी मारत नाही पोरांना."

"मग आज शिक."

झुंबर पुढं झाला. गावाकडं गोफण चालवलेला हात. त्यानं चेंडू असा फेकला की हवेत सूं आवाज झाला. आर्तोचा डावा पाय पडला. थप्.

चेंडू उसळला नाही. पॅडमध्ये क्षणभर रुतला आणि पायापाशी पडला, दूध पिऊन झोपलेल्या लेकरासारखा.

आर्तो खाली बघत राहिला. "पुन्हा," तो मराठीत म्हणाला. थप्. पुन्हा पायाशी. "अजून." थप्. "अजून, अजून!" झुंबरचा हात दुखायला लागला तरी तो थांबू देईना. एकही चेंडू परत गेला नाही. शेवटी तो त्या खांबांमध्येच गुडघ्यांवर बसला आणि मुखवटा नसताना मुखवटा काढावा तसे दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

"चालतील ना, साहेब?" भिमाबाईनं विचारलं.

त्याला माहीत होतं. कापड पाणी पितं. बर्फावर तासभर खेळलं की हे थर भिजणार, जड होणार, पाय उचलेनासे होणार. संध्याकाळी मार्यानंही तेच सांगितलं. "नवे घे. यांत तू तिसऱ्या, शेवटच्या सत्रापर्यंत टिकणार नाहीस."

"नव्यांत टिकेन," आर्तो म्हणाला. "आणि चकती परत जाईल."

सकाळी त्यानं हातवारे करून मावशीला पाण्याचं सांगितलं. लपवलं नाही. भिमाबाईनं मेणाचा गोळा आणला आणि दोन दिवस पॅडवर घासत बसली. "थोडं थांबंल," ती म्हणाली. "समदं न्हाई."

सप्टेंबरच्या शेवटी तो गेला. मार्या सिन्नरच्या कामासाठी राहिली. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी बंगल्यातला फोन वाजला. मार्या बराच वेळ त्यांच्या भाषेत बोलली, एकदा हसली, एकदा डोळे पुसले, मग रिसीव्हर भिमाबाईच्या ओल्या हातात दिला.

"मावशी," पलीकडून आवाज आला, "हरलो."

"हरला?"

"खूप. पाच गोल. पाय जड. पाणी, पाणी." त्याला शब्द सापडेनात. "शेवटी उभा नाही. बसून अडवलं."

भिमाबाईनं फोन घट्ट धरला. विचारू की नको असं झालं. मग विचारलंच. "परत गेली का एखादी? पायावरून?"

फोनमध्ये खरखर झाली.

"एकही नाही," आर्तो म्हणाला. "पाच गोल, पाचही सरळ आत. परत एकही नाही. पाववाली म्हातारी आली होती. म्हणाली, चांगला भिजलास." आणि तो इतका मोकळा हसला की मार्यालाही लांबून ऐकू गेलं.

"भिजलं असंल तर उन्हात टाका," भिमाबाई म्हणाली.

"ऊन नाही, मावशी. इथे आता ऊनच नाही."

"अशी कशी जागा ती!" तिला खरंच राग आला. "मग घिऊन या हिकडं. वाळवून देते."

तरुण पोराचं मनगट जुळेपर्यंत तो खेळला. काही सामने हरले, दोन जिंकले, असं मार्याकडून कळायचं. डिसेंबरात तो आला, लंगडत, आणि पिशवी कुणालाच उचलू दिली नाही. पुढच्या मोसमाचं झुंबरनं विचारलं, तर त्यानं मान हलवली. "पुरे," तो म्हणाला. हा शब्द त्याला स्वयंपाकघरातच मिळाला होता.

गच्चीवर नाशिकचं थंडीतलं ऊन पडलं होतं, हळदीसारखं. भिमाबाईनं पॅड कठड्यावर पालथे घातले. डावा उचलला तेव्हा आत काहीतरी खडखडलं. तिनं कोपऱ्याचा टाका तोडला, बोट घातलं आणि तुकडा बाहेर काढला. भिजून, गोठून, वाळून दगड झालेला, पण अख्खा.

आर्तो द्राक्षांची थाळी घेऊन शेजारी बसला होता. त्यानं तो तुकडा तळहातावर घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला. "ही चकती," तो म्हणाला. "आत राहिली."

भिमाबाई हसली. तुकडा परत घेतला, जागच्या जागी घातला आणि दोऱ्याला मेण लावलं. आर्तोनं पाय लांब करून कठड्याला पाठ टेकली, डोळे मिटले. ती टाके घालता घालता गुणगुणत होती, त्याला कळणार नाही अशा बेतानं, पण त्याला बहुधा कळत होतं.

*परदेशी भाऊ माझा, बर्फाच्या गावाला*
*गोधडीचं ऊन बाई, बांधिलं पायाला*

दुपारी ऊन सरकलं तेव्हा तिनं पॅड उलटे केले, दुसरी बाजू वाळावी म्हणून.