गाळलेला ओढा

"कारण सांगा, नाना. नुसतं नको नको करू नका," लेक म्हणाली आणि तिनं मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

विक्रीच्या ऑफिसात तिघंच होते: नाना, त्यांची लेक आणि फ्लॅट दाखवणारी मुलगी. लेक दोन महिने नकाशांत डोकं खुपसून बसली होती. अकरा जागा निवडल्या, प्रत्येकीभोवती वर्तुळं काढली. शाळा सहा मिनिटं, दवाखाना चार, बाजार चालत. सगळ्यांना गुण दिले आणि ही जागा पहिली आली. त्यातही तळमजला, नानांच्या गुडघ्यांसाठी. आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, तो माणूस मागची टेकडी दिसल्यापासून तोंड वाकडं करून बसला होता.

"ऊन येणार नाही इथं," नाना म्हणाले.

"पूर्वेला खिडकी आहे."

"मग धूळ येईल."

"घटकेत ऊन, घटकेत धूळ. मला काय खुळी समजता? पाणी कुठं तुंबतं तेही बघितलंय मी. आसपास ओढा नाही, नाला नाही."

नसणारच मोबाइलमध्ये. तो नकाशा ज्या कागदावरून उतरला, तो कागदच नानांच्या हातचा होता.

नानांचा जन्म नकाशांच्या खात्यात आरेखक म्हणून गेला. अंग सरळ, रेघ सरळ, म्हणून ऑफिसात त्यांना फूटपट्टी म्हणायचे. जुना नकाशा विरला की त्यावर पातळ कागद ठेवून नवा उतरवायचा, हे काम. त्यांचा एक नेम होता: आधी निळी शाई, मग काळी. पाणी माणसाच्या आधीचं, त्याचा मान पहिला. तो नेम एकदाच मोडला. साहेब टेबलाशी येऊन म्हणाले, "हा ओढा कोरडाच असतो हो. सोडा ती रेघ." बढतीची यादी साहेबांच्याच हातात होती. नानांनी तोंडातून ब्रही काढला नाही. साहेब कधीच सुखानं मेला. त्याच्या नावानं कितीही दात खाल्ले तरी रेघ सोडणारा हात नानांचाच होता.

"आजोबा, शंका असेल तर सरकारी नकाशाच बघा ना," म्हणत त्या मुलीनं फाइलमधून प्रत काढून टेबलावर पसरली. नव्या इमारती तिच्यावर लाल रंगात आखल्या होत्या, पण कोपऱ्यातली जुनी अक्षरं नानांनी लगेच ओळखली.

"घ्या, कागदावरही ओढा नाही," लेक म्हणाली. "आता तरी बोला."

"कागद खोटा आहे."

"सरकारी कागद खोटा आणि तुम्ही खरे?"

"मीही खोटा. मीच काढलाय तो."

नानांनी टेबलावरचं निळं पेन उचललं. रेघ टेकडीच्या पायथ्याशी सुरू झाली, वळली, लेकीनं पसंत केलेल्या बैठकीच्या खोलीतून गेली आणि कागदाच्या कडेपर्यंत पोचली. हात जराही थरथरला नाही. त्याचाच त्यांना जास्त संताप आला.

"अहो आजोबा, आमची प्रत आहे ती," मुलगी म्हणाली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

"म्हणजे दोन महिने मी तुमच्या लबाडीला गुण देत बसले," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "आणि तुम्ही मला धूळ सांगत होता."

"लाज वाटत होती."

"माझं लेकरू झोपणार होतं इथं, नाना."

लेकीनं कागद ओढून घेतला आणि रेघेवरून बोट पुढं नेलं.

"ही शेजारची इमारत?"

"तिच्याही खालून."

"आणि ही?"

"तिच्याही."

"तिथं माणसं राहतात."

खिडकीतून दोन्ही इमारती दिसत होत्या. शेजारच्या इमारतीत तळमजल्याच्या गजांवर बाळाची दुपटी वाळत होती. लेकीनं कागदाची घडी घातली, नानांच्या हातात कोंबली आणि पर्स उचलली.

"मी नाही सांगणार त्यांना," ती म्हणाली. "ज्यानं गाळलं त्यानं सांगावं. मी गाडीत बसते."

एरवी पायरी आली की ती त्यांचं कोपर धरायची. आज ती पुढं निघून गेली. शेजारच्या इमारतीला तीन पायऱ्या होत्या. नाना कठडा धरून एकेक चढले. दुपटी वाळत होती त्या घराची बेल दाबली.

"कोण आहे?" आतून बाईचा आवाज आला.

नानांनी कागदाची घडी उलगडली.

"नकाशा काढणारा," ते म्हणाले.