जात्यावरचं नाव

पिंगळी टेसनाजवळच्या जिनिंगमधी कापूस निवडणाऱ्या चाळीस बायांवर मी, पारूबाई, मुकादमीण. निजामाचं राज जाऊन आठ वर्षं झाली, पण आमच्या मॅनेजरची, दिनकररावाची, निजामी काय गेली न्हाई. कापसात कचरा दिसला की समद्यांदेखत माझ्यावर खेकसायचा. त्याला उलट बोलायची सोय न्हाई, मग मी बायांवर तोंड सोडायची. घरी आलं तरी जिवाला चैन नसायचं. बसलं की उठावं वाटायचं, उठलं की कुठं जावं कळायचं न्हाई.

औषध एकच, जातं. पहाटं दळाया बसलं की ओवीत दिनकररावाला घालायची:

दळण दळिते, जात्यात घालिते घास,
दिनकररावाच्या जिभंला काटं हजार पन्नास!

लय हलकं वाटायचं. जात्यावर बाईनं काय बी म्हणावं, तिला कुणी जाब इचारत न्हाई, ही आमच्याकडची रीतच हाय.

काल जिनिंगमधी माझ्याच हाताखालची, घराशेजारची छबूबाई म्हणाली, "बाई, लेकराला पाजून येऊ का?" तवाच दिनकरराव खेकसून गेला होता. मी म्हणलं, "गुमान बस!"

आज पहाटं नवा घास घालाया जातं थांबवलं, अन् भिंतीपल्याडून छबूचं जातं ऐकू आलं:

दळण दळिते, पीठ पडतं गं दाट,
पारू मुकादमिणीनं अडविली तान्ह्याची वाट.

ताडकन उठले, दारापतूर गेले. पण जाब कसा इचारू? माघारी येऊन खुंटा धरला, तर माझ्याबी ओवीत दिनकररावाच्या जागी पारूच यायलीय.