सुतकातली शपथ

"आवाज वाढव गं जरा," कुसुमबाईंनी बारकीला सांगितलं आणि ती उठेपर्यंत दम न निघून स्वतःच टीव्हीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ओटीवर चिकूचा ढीग पडला होता. मोठे वेगळे, मध्यम वेगळे, डागी वेगळे, असं निवडून दुपारच्या टेम्पोत भरायचं होतं. पण आज कुसुमबाईंचा हात चालत नव्हता. दिल्लीला राष्ट्रपती भवनात देशाचे नवे सरन्यायाधीश शपथ घेत होते, आणि गंमत अशी, की शपथ घेणाऱ्या माणसाकडे कुसुमबाई बघतच नव्हत्या. कॅमेरा समोरच्या खुर्च्यांवरून फिरायला लागला की त्यांची मान आपोआप पुढे जायची.

"दिसला," त्या म्हणाल्या. "बसलाय बघ."

पहिल्या रांगेत, काळ्या कोटात, हात मांडीवर ठेवून रामनाथ बसला होता. त्यांचा धाकटा भाऊ. सुप्रीम कोर्टाचा न्यायमूर्ती असला तरी या घरात तो रामूच होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या. दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलेला माणूस वाजवतो तशा, नीट आणि मोजक्या.

बारकी सायवनकडची वारली. लग्न होऊन या भागात आली तेव्हापासून ती डहाणूतल्या या वाडीत कामाला होती, आणि कुसुमबाईंना टोकायचा परवाना तिने कधी मागितला नव्हता, तो तिच्याकडे होताच. पदराला हात पुसत तीही येऊन बघायला लागली.

"मंग आपला भाऊ कवा उठायचा तिथं?" तिने विचारलं.

"नाही उठायचा."

"का?"

कुसुमबाईंनी टीव्ही बंद केला. का, ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्यांना ते ठाऊक झालं तेही किती उशिरा.

दादा, म्हणजे या दोघांचे वडील, नव्वदीला टेकले होते तेव्हाची गोष्ट. दादांचा स्वभाव हौशी. शेताच्या बांधावरून त्यांचा एक दावा डहाणूच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी ते हरले, पण न्यायाधीश या प्राण्याविषयी त्यांच्या मनात जी भक्ती बसली ती कायमची. मुलगा वकील झाला, पुढे हायकोर्टात न्यायमूर्ती झाला, तेव्हा म्हातारा नवे बूट घालून गावभर फिरला. मग एक दिवस रामूचं नाव सुप्रीम कोर्टासाठी निघालं. पेपरवाल्यांनी लगेच गणित मांडलं, की अमुक निवृत्त होतील, तमुक निवृत्त होतील, आणि मग हे सरन्यायाधीश होतील, महिनाभरासाठी का होईना. झालं. दादांनी वाणगावपासून तलासरीपर्यंत जिथे म्हणून नातेवाईक होते तिथे पेढे धाडले. कटिंगच्या दुकानात लोक त्यांना बघून उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, या, सरन्यायाधीशांचे तीर्थरूप आले. चेष्टा होती हे दादांना कळायचं. पण ते खुशाल खुर्चीत बसून दाढी करून घ्यायचे.

आणि शपथ परवावर आली असताना दादा गेले. सकाळी चहा मागितला, चहा येईपर्यंत मान कलली. रामू मुंबईहून गाडी पळवत आला, अग्नी दिला. एकुलता एक मुलगा, क्रियेला तोच बसणार. रात्री माणसं पांगल्यावर तो ओटीवर कुसुमबाईंजवळ येऊन बसला.

"ताई, परवा दिल्लीला शपथ आहे," तो म्हणाला. "काय करू?"

आई लवकर गेल्यावर या घरात काय करायचं आणि काय नाही हे कुसुमबाईंनीच ठरवलं होतं. त्यापायी त्यांचं लग्न राहिलं ते राहिलंच, पण त्याचं त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही. भावाचं शिक्षण, दादांचं पथ्य, वाडीची फवारणी, सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांना विचार करायलाही वेळ लागला नाही.

"बापाच्या सुतकात देवाच्या नावानं शपथ घेणार?" त्या म्हणाल्या. "तेरावं होऊ दे. दिल्ली कुठं पळून जात नाही."

तो उठून अंगणात गेला, फोनवर कुणाशी तरी बोलला आणि आत येऊन म्हणाला, की ते म्हणतात, हरकत नाही, नंतर या. बस, एवढंच. कुसुमबाईंना उलट बरं वाटलं, की एवढ्या मोठ्या ठिकाणची माणसंसुद्धा सुतक मानतात.

दिल्ली पळून गेली नाही, पण खुर्ची गेली. हे त्यांना पुढे सुनिलने सांगितलं. सुनिल हा शेजारच्या वाडीतला, डहाणूच्याच कोर्टात वकिली करणारा मुलगा. एकदा कलमं न्यायला आला असताना कुसुमबाईंनी सहज विचारलं, की आमच्या रामूचा नंबर कधी रे? सुनिलने चाचरत समजावलं, की काकी, सरन्यायाधीश निवडायची रीत अशी, की जाणारा माणूस सगळ्यात थोरल्या न्यायाधीशाचं नाव सुचवून जातो. पण थोरला म्हणजे वयाने नव्हे. सुप्रीम कोर्टात ज्याने आधी शपथ घेतली तो थोरला. त्या दिवशी तिघांची शपथ होती, रामनाथकाकांचं नाव दुसरं होतं. ते गेले नाहीत, आणि तिसरा होता तो त्यांच्या आधी लागला. आता त्या तिसऱ्याची पाळी येईल, आणि ती संपायच्या आत काकांचं वय भरेल.

म्हणजे जुळ्यांत जे आधी बाहेर येतं ते थोरलं, तसं. कुसुमबाईंना लगेच कळलं. कळल्यावर त्यांनी सुनिलला कलमं मोजून दिली, पाण्याची काळजी घे म्हणून बजावलं, आणि तो गेल्यावर मागच्या पडवीत जाऊन एकट्या रडल्या.

तेव्हापासून हे त्यांना आतून खात होतं. रामू आधी दर सुट्टीला यायचा, तो आताशा फक्त दादांच्या तिथीला यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. कामं असतात, असं तो म्हणायचा. खरंही असेल. पण कुसुमबाईंच्या मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकायचीच. तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे का रे, एवढं एक वाक्य. ते दरवर्षी ओठावर यायचं आणि दरवर्षी त्या खीर वाढायच्या.

त्यांनी आज बारकीला हे सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. बहुधा टीव्हीवर त्या तिसऱ्यासाठी वाजलेल्या टाळ्या बघवल्या नाहीत म्हणून. बारकीने चिकू निवडता निवडता ऐकून घेतलं. तिचा नवरा चार पावसाळ्यांमागे गेला होता.

"आमच्यात तसा नाय, बाय," ती शेवटी म्हणाली. "माणूस मेला का आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या रोजाला कामाला जातो. दिवस घालायचा तो मागून. भात घरात आला, चार पैसं आलं, का मंग. तवर तो थांबतो. मेलेल्याला कसली घाई?"

एवढं बोलून ती डागी चिकूंची पाटी उचलून निघून गेली. कुसुमबाई मात्र तिथेच बसून राहिल्या. टेम्पोवाला येऊन हॉर्न वाजवायला लागला तरी माल भरून झाला नव्हता.

त्यानंतर महिन्याभरात रामनाथ निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभात त्याने केलेल्या भाषणाचा तुकडा सुनिलने मोबाइलवर आणून दाखवला. नव्या सरन्यायाधीशांनी त्याची तोंडभरून स्तुती केली होती. आणि पौषात दादांच्या तिथीला रामनाथ आला, तो या वेळी पहिल्यांदाच बॅग घेऊन. दोन दिवस राहणार म्हणाला.

श्राद्ध झालं, भटजी दक्षिणा घेऊन गेले. कुसुमबाईंनी केळीच्या पानावर भात, वडे, भोपळ्याची भाजी, खीर असं वाढून पान कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय या घरात कुणी जेवत नसे. दोघं ओटीवर वाट बघत बसले. रामूचे केस पार पांढरे झाले होते, आणि झब्ब्यात तो दादांसारखा दिसत होता.

कावळे समोरच्या माडावर होते. खाली येत नव्हते.

कुसुमबाईंना दहावा आठवला. डहाणूच्या खाडीकाठी त्या दिवशीही असंच झालं होतं. पिंड ठेवला, कावळे बसलेले, एकही शिवेना. माणसं एकेक करून दादांना सांगत होती, की वाडी नीट सांभाळू, कुसुमला अंतर देणार नाही. काही उपयोग नाही. ऊन चढत गेलं. शेवटी कुसुमबाई पुढे झाल्या आणि हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "दादा, आपला रामू सरन्यायाधीश होईल. तुम्ही सुखानं जा." आणि कावळा झडप घालून आला. सगळ्यांनी कानाला हात लावले. रामू तेव्हा पाठ फिरवून खाडीकडे बघत उभा होता. बिचाऱ्याला गहिवरून आलं असेल, असं त्यांना तेव्हा वाटलं. पण त्या वेळी दिल्लीत बाकीच्या दोघांची शपथ होऊन गेली होती. आपण दादांना जे वचन देत होतो ते खोटं पडलंय हे त्या वाळूवर एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो काही बोलला नव्हता.

"रामू," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला जाऊ दिलं असतं तर?"

त्याने मान वळवली नाही. तो भिंतीवरच्या पानाकडेच बघत होता. सुनिलनं सांगितलं का, एवढंच त्याने विचारलं. त्या हो म्हणाल्या. मनावर घेऊ नकोस, सगळं नशिबात असतं, असं काहीतरी तो म्हणेल अशी तयारी कुसुमबाईंनी करून ठेवली होती. ते खोटं असलं तरी त्यांना चाललं असतं.

"देवाचं नाव न घेता नुसती प्रतिज्ञाही करता येते, ताई," तो म्हणाला. "कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. मला पाठ होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू जा म्हणशील असं वाटलं होतं. म्हणून तर विचारलं. जन्मभर लोकांचे निकाल दिले. आपला स्वतःचा एक द्यायची वेळ आली, तो तुझ्यावर टाकला. तू नाही म्हणालीस, मग मला ते मोडता येईना."

माडावर एक कावळा ओरडला आणि तिथेच बसून राहिला.

"राग आहे तुझ्या मनात?"

"नाही." आणि मग, या घरात लहानपणी तापात पडल्यावर बोलायचा त्या आवाजात तो म्हणाला, "पण मला जायचं होतं गं, ताई. फार जायचं होतं."

कुसुमबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. गेली कित्येक वर्षं त्यांना त्याच्या तोंडून 'माफ केलं' असं ऐकायचं होतं. हे माफीपेक्षा वाईट होतं, आणि तरी छातीवरचा धोंडा हलल्यासारखं झालं, कारण निदान हे खरं होतं. असं खरं हा मुलगा त्या रात्री ओटीवर बोलला असता तर आपण काय म्हणालो असतो, याचं उत्तर त्यांना आता देता येईना. जा म्हणालो असतो. नाही, तेव्हा नसतोच म्हणालो.

विहिरीकडून बारकी भांडी घेऊन आली. दोघांना तसंच बसलेलं बघून तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माडाकडे पाहिलं आणि भांडी घेऊन मागे निघून गेली. उन्हात पानावरची खीर साकळायला लागली होती. अशा वेळी काय करायचं ते रामूलाही माहीत होतं. कुणीतरी उठून दादांना काहीतरी वचन द्यायचं. तो वाट बघत होता, की ताई उठेल.

ताई उठल्या. पण भिंतीकडे न जाता आत स्वयंपाकघरात गेल्या. पाट मांडला, पाणी ठेवलं, ताट वाढलं आणि दाराशी येऊन त्यांनी हाक मारली.

"चल रामू. जेवून घे आधी. दादा थांबतील."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. सुप्रीम कोर्टातून निवृत्त झालेला माणूस, पण अशा प्रसंगी चप्पल कुठे काढायची हेसुद्धा त्याला सुचेना. मग तो आत आला, पाटावर मांडी घालून बसला आणि पहिला घास त्याने खाली बघतच घेतला. कुसुमबाईंनी वाटीत तूप वाढलं. भिंतीवरचं पान तसंच होतं.